थंडीचा अंदाज : किती धरावा, किती सोडावा?

दिवाळी होते. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये बसून निघून जातात. अर्धं गाव रिकामं होतं. मागे राहतात म्हातारीकोतारी माणसं, शाळेतली पोरं आणि रानातला शाळू. मग संध्याकाळी पारावर शेकोटी पेटते आणि बोलणं सुरू होतं.

एक जण म्हणतो, "औंदा थंडी लई पडणार. मोबाईलवर आलंय."

दुसरा म्हणतो, "काही नाही पडत. पंचांगात तसं नाही."

तिसरा म्हणतो, "अहो, माघात गारा हाईत. आमच्या पाव्हण्यानं सांगितलंय."

वाचकहो, यात खरं कोणाचं? आणि खरं आहे हे ओळखायचं कसं? आज आपण तेच पाहू.

ही नुसती शिळोप्याची गोष्ट नाही. बीड जिल्ह्यात हिवाळ्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. गव्हाला थंडी मानवते. हरभऱ्यालाही मानवते. आंब्याला मोहोर यायला थंडी लागते. पण शाळू फुलोऱ्यात असताना फारच कडाका पडला तर कणसात दाणा नीट भरत नाही. थंडी जाऊन आभाळ आलं, तर शाळूवर मावा पडतो, पानं चिकट होतात, त्याला आपण चिकटा म्हणतो. हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. काढणीला आलेल्या ज्वारीवर पाऊस पडला तर दाणा काळा पडतो. आणि इकडे ही गत, तर तिकडे उसाच्या फडावर आपलीच माणसं कोपीत राहतात. कोपीला ना भिंत, ना दार. अवकाळी पाऊस आला तर चूल भिजते, अंथरूण भिजतं, लेकरं गारठतात. तेव्हा थंडीचा आणि हिवाळी पावसाचा अंदाज हा आपल्या भाकरीचा प्रश्न आहे.

थंडी येते कुठून?

अंदाज कळायचा तर आधी थंडी कशी येते ते कळलं पाहिजे.

हिवाळ्यात दिवस लहान होतो. सूर्य तिरपा चालतो. जमीन दिवसा कमी तापते आणि रात्री जास्त वेळ निवत राहते. हे दर वर्षी होतं. पण एखाद्या आठवड्यात हुडहुडी भरते आणि पुढच्या आठवड्यात घोंगडीही नकोशी होते. असं का?

याला दोन कारणं आहेत. एक वारा. दुसरं आभाळ.

दूर पश्चिमेला भूमध्य समुद्र आहे. हिवाळ्यात त्या बाजूने वाऱ्याची वादळी वळणं एकामागून एक पूर्वेकडे येतात. त्यांना हवामानशास्त्रात पश्चिमी झंझावात म्हणतात. ते हिमालयावर येऊन बर्फ पाडतात. ते पुढे सरकले की त्यांच्या मागून उत्तरेचा थंड, कोरडा वारा खाली उतरतो. तो पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून आपल्याकडे येतो. तो आला की आपण म्हणतो, गार वारं सुटलं.

आता आभाळ. रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते. आभाळ स्वच्छ असलं, तर ती सरळ निघून जाते. ढग असले, तर ते गोधडीसारखे वर पसरतात आणि ऊब अडवून धरतात. म्हणून चांदण्या ठसठशीत दिसतात ती रात्र गार असते. ढगाळ रात्र उबदार असते. बंगालच्या उपसागराकडून पूर्वेचा दमट वारा सुटला, किंवा तिकडे वादळ झालं, की आपल्याकडे आभाळ येतं आणि आलेली थंडी मोडते.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली असेल. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने खाली येते आणि खोलगट जागी साचते. म्हणून एकाच गावात माळावरच्या रानात थंडी कमी आणि ओढ्याकाठच्या खोलगट रानात जास्त असते. पाटोद्याकडचा बालाघाटाचा डोंगरमाथा वेगळा आणि गेवराई-माजलगावकडची गंगाथडी वेगळी. एका जिल्ह्याला एकच आकडा सांगितला, तरी तो सगळ्या रानांना सारखा लागू पडत नाही. हे मनात असू द्या. पुढे याचं काम पडणार आहे.

जुनी माणसं कशी सांगत?

आपल्या वाडवडिलांजवळ रेडिओ नव्हता. ते आभाळ पाहत, वारा पाहत, मुंग्या-पाखरं पाहत. त्यांचं ज्ञान टाकाऊ होतं असं आम्ही म्हणणार नाही. पण ते निवडून घ्यावं लागतं. सुपात धान्य घेऊन पाखडतो तसं.

चंद्राला खळं पडलं की पाऊस येतो, असं म्हणतात. याला आधार आहे. फार उंचावर बर्फाच्या बारीक कणांचे पातळ ढग आले की त्यातून चांदणं वळतं आणि चंद्राभोवती कडं दिसतं. असे ढग पुष्कळदा मोठ्या ढगांच्या पुढे येतात. म्हणून खळ्यानंतर कधी पाऊस येतो, कधी येत नाही. पण हवा बदलते आहे, इतकं त्यावरून कळतं. तसंच वाऱ्याचं. उत्तरेचा वारा बदलून पूर्वेचा झाला, अंगाला दमट लागू लागला, तर आभाळ येणार हे म्हातारा माणूस बरोबर सांगतो. हे सगळे अंदाज डोळ्यांपुढच्या हवेवरून बांधलेले असतात. ते एक-दोन दिवसांपुरते असतात. तेवढ्यापुरते ते उपयोगी पडतात.

दुसऱ्या जातीचे अंदाज वेगळे. नक्षत्राचं वाहन मोर आहे की उंदीर, यावरून पाऊस सांगतात. सहदेव-भाडळीच्या नावाने कितीतरी ठोकताळे चालतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी ती पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. लोक श्रद्धेने ऐकायला जातात. ती परंपरा म्हणून आपण मानू. पण रात्रीतून धान्याचा दाणा हलला आणि म्हणून जानेवारीत थंडी पडली, असा कार्यकारणाचा धागा कोणाला दाखवता आलेला नाही.

"पण गुरुजी, ते खरं निघतं की!" असं पुष्कळ जण आम्हाला म्हणतात.

निघतं कधी कधी. यात मनाची एक गंमत आहे. लागलेला अंदाज आपण वर्षानुवर्षं सांगत बसतो. चुकलेला विसरून जातो. "औंदा पाऊस कमी-जास्त पडेल, काही भागात पिकं चांगली येतील," असं कोणीही सांगितलं तरी ते कुठे ना कुठे खरं ठरणारच. म्हणून अंदाज पारखायचा तर लागलेले आणि चुकलेले दोन्ही मोजले पाहिजेत. बाजारात बैल घेताना आपण नुसती शिंगं पाहत नाही, दातही मोजतो. तसंच हे.

वेधशाळा काय करते?

आपल्या देशात सरकारी हवामान खातं १८७५ साली निघालं. त्याच्या आधी १८६४ साली कलकत्त्याला मोठं वादळ झालं होतं आणि १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला होता. माणसं मेली. तेव्हा हवेच्या नोंदी एका जागी ठेवायची गरज सरकारला कळली. १९२८ साली या खात्याचं मुख्य ठाणं शिमल्याहून पुण्याला आलं. म्हणून पुण्यात शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुनी माणसं अजून शिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्य कचेरी दिल्लीला गेली, तरी पुण्याचं काम चालू राहिलं. १९४५ सालापासून शेतकऱ्यांसाठी रेडिओवर हवामानाची बातमी सांगू लागले.

वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, झडपांची एक लाकडी पेटी असते. ती जमिनीपासून सुमारे छातीइतक्या उंचीवर असते. तिच्यात तापमापक ठेवतात. त्याला ऊन लागू देत नाहीत आणि वारा मात्र खेळू देतात. रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घेतात. पेपरात जो आकडा छापतात, तो या पेटीतल्या हवेचा असतो. पहाटे उघड्या रानात पिकाचं पान त्याहूनही गार असतं. तेव्हा पेपरात ९ अंश लिहिलं असेल, तर पिकाला त्याहून जास्त थंडी सोसावी लागते हे समजून असावं.

याशिवाय रोज पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला देशात ठिकठिकाणी मोठे फुगे आभाळात सोडतात. फुग्याला यंत्र बांधलेलं असतं. ते वरच्या हवेचा वारा, उष्णता आणि दमटपणा रेडिओने खाली कळवतं. आपले इन्सॅट उपग्रह वरून ढगांची चित्रं काढतात. रडार नावाचं यंत्र दूरच्या ढगातला पाऊस आणि गारा हेरतं. ही सगळी माहिती प्रचंड मोठ्या संगणकात घालतात. आज हवा अशी आहे, तर उद्या कशी असेल, परवा कशी असेल, याचं गणित तो संगणक करतो.

गणित आहे, तर चुकतं का?

ते गणित चुकण्याचं कारण मोठं मौजेचं आहे. अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे एक शास्त्रज्ञ होते. १९६१ साली ते संगणकावर हवेचं गणित करत होते. एकदा केलेलं गणित पुन्हा करून पाहावं, म्हणून त्यांनी मधूनच एक आकडा घातला. मूळ आकडा होता ०.५०६१२७. त्यांनी घातला ०.५०६. एवढ्याशा फरकाने काय होणार? पण थोड्या वेळाने येऊन पाहतात तर काय, दुसऱ्या गणिताची हवा पहिल्याहून पार वेगळी झालेली! सुरुवातीचा केसाएवढा फरक वाढत वाढत डोंगराएवढा झाला होता.

हवेचा स्वभाव असा आहे. आणि आपलं मोजमाप कधीच पुरतं नसतं. प्रत्येक शिवारात काही वेधशाळा नाही. समुद्रावर तर आणखी कमी. म्हणून आजच्या मोजणीत थोडी चूक राहते. ती उद्या थोडी वाढते, पाचव्या दिवशी बरीच वाढते आणि सुमारे दोन आठवड्यांनी सगळं गणित खाऊन टाकते. संगणक कितीही मोठा आणला, तरी अमुक तारखेला अमुक गावात पाऊस पडेल, हे महिनाभर आधी सांगता येत नाही.

म्हणून पहिली पारख ही करा. मोबाईलवर कोणी "१७ जानेवारीला तुमच्या तालुक्यात गारा पडणार" असं नोव्हेंबरात सांगत असेल, तर त्याचं नाव कितीही मोठं असो, तो गणिताने सांगत नाही. तो खडा टाकून पाहतो आहे.

किती दिवसांचा अंदाज किती धरावा?

तीन तासांचा अंदाज : रडारवर ढग दिसल्यावर दिलेला असतो. वीज, गारा, वादळ यांच्यासाठी तो सगळ्यांत मोलाचा. तो आला की हातातलं काम टाकून आसरा गाठावा.

एक-दोन दिवसांचा अंदाज : हा बराच भरवशाचा असतो. थंडीचा तर आणखी. उत्तरेचा वारा निघाला की तो वाटेत दिसतो. पाऊस नेमका कोणत्या शिवारात पडेल हे सांगणं अवघड, पण रात्रीचा पारा चढेल की उतरेल हे सांगणं त्या मानाने सोपं.

तीन ते पाच दिवसांचा अंदाज : कामाची आखणी करायला चांगला. पण रोज नवा अंदाज पाहून आखणी बदलायची तयारी ठेवावी.

सात ते दहा दिवसांचा अंदाज : हवेचा कल कळतो. दिवस आणि वार धरू नये.

महिन्याचा किंवा हंगामाचा अंदाज : यात फक्त एवढंच सांगतात, की यंदाची थंडी नेहमीपेक्षा कमी असण्याचा संभव जास्त की अधिक असण्याचा. कोणता दिवस, कोणतं गाव, हे त्यात नसतंच.

शेजारी सोमवारच्या बाजाराला निघाला. तो संध्याकाळी केव्हा परत येईल हे आपण बरोबर सांगतो. पण पुढच्या महिन्यातल्या चौथ्या सोमवारी तो किती वाजता घरी येईल? ते सांगता येणार नाही. तो त्या दिवशी बाजाराला जाण्याचा संभव आहे, एवढं मात्र सांगता येतं. जवळचा अंदाज आणि हंगामाचा अंदाज यांत हाच फरक आहे.

"ला निना आली, आता कडाका!"

अलीकडे दर वर्षी ला निनाचं नाव ऐकू येतं. ही काय भानगड आहे? पॅसिफिक नावाचा अफाट महासागर आपल्यापासून फार दूर आहे. त्याच्या मधल्या भागातलं पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा तापतं. त्याला एल निनो म्हणतात. काही वर्षी ते नेहमीपेक्षा गार होतं. त्याला ला निना म्हणतात. पाण्याच्या या फरकाने जगभरचे वारे बदलतात. ला निनाच्या वर्षी आपल्या देशात थंडी जरा जास्त पडण्याचा कल दिसतो. पण कल म्हणजे हमी नव्हे.

२०२४ सालची गोष्ट पाहा. पावसाळा संपता संपता जिकडेतिकडे बातमी पसरली, की ला निना येणार आणि कडाक्याची थंडी पडणार. पण ला निना लांबली आणि आली तेव्हाही दुबळी निघाली. डिसेंबरच्या सुरुवातीला हवामान खात्याने हिवाळ्याचा अंदाज दिला. त्यात म्हटलं होतं, की देशाच्या बहुतेक भागात रात्रीचं तापमान नेहमीपेक्षा जास्त राहण्याचा संभव आहे. झालं तसंच. पुढे २०२५ चा फेब्रुवारी तर देशात १९०१ सालापासूनचा सर्वांत उबदार फेब्रुवारी ठरला.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, हंगामाच्या तोंडावर मोजमाप करून दिलेला अंदाज आणि तीन महिने आधी उठलेली बातमी यांत फरक करावा. दुसरी, हंगाम उबदार म्हटला म्हणून घोंगडी विकू नये. उबदार हिवाळ्यातही चार-सहा रात्री कडाक्याच्या येतातच. मराठवाड्यात परभणीचा पारा काही वेळा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे.

थंडीची लाट या शब्दालाही माप आहे. आपल्यासारख्या मैदानी भागात रात्रीचं तापमान १० अंश किंवा त्याहून खाली गेलं, आणि शिवाय ते नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक उतरलं, तर त्याला थंडीची लाट म्हणतात. समजा, त्या दिवसांत नेहमी १३ अंश असतं. ते साडेआठवर आलं, तर लाट आली. नुसती हुडहुडी भरली म्हणजे लाट नव्हे.

आनंदगावची तक्रार

अंदाज चुकला तर माणूस किती पोळतो, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवलं आहे. माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी २०१७ सालच्या जुलैमध्ये दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात हवामान खात्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार दिली. त्यांचं म्हणणं असं, की चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून आम्ही पेरलं, पावसाने दडी मारली आणि बी-भरण मातीत गेलं. ही बातमी देशभर गाजली. काही लोक हसले. आम्हाला हसू आलं नाही. कर्ज काढून टाकलेलं बियाणं डोळ्यांदेखत करपताना पाहणं काय असतं, ते आम्हाला माहीत आहे.

ही गोष्ट पावसाळ्याची. पण तिच्यातला धडा हिवाळ्यालाही लागू आहे. त्या वर्षी खात्याने सगळ्या देशासाठी पावसाचा अंदाज दिला होता. तो आधी सरासरीच्या ९६ टक्के आणि मग जूनमध्ये ९८ टक्के होता. पावसाळा संपल्यावर हिशेब झाला, तो ९५ टक्के. देशाच्या मानाने अंदाज फार चुकला नाही. मग आनंदगावचं बी का गेलं?

कारण सरासरी ही कोणाच्याच रानात पडत नाही. एका घरी आठ भाकरी झाल्या आणि शेजारी चूल पेटली नाही, तर सरासरी चार भाकरी. पण शेजारी उपाशीच झोपला ना? आसामचा पाऊस आणि आपला पाऊस एकत्र मोजून जो आकडा येतो, त्यावर आपली मूठ सोडू नये. पेरणी करायची ती आपल्या रानातली ओल पाहून आणि पुढच्या पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज पाहून.

खात्याचीही एक चूक इथे सांगितली पाहिजे. देशाचा अंदाज आणि गावाचा अंदाज यांतला फरक खेड्यातल्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगणं हे सांगणाऱ्याचं काम आहे. शेतकऱ्याने रागावण्याचं कारण खोटं नव्हतं.

'तुरळक' म्हणजे काय?

आता आमची स्वतःची एक चूक सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

काही वर्षांमागची गोष्ट. माघ महिना होता. आमच्या गल्लीतल्या एका मावशींनी हरभरा उपटून रानात ढीग घातला होता. पोरगा-सून उसाला गेलेली. मळणी दोन दिवसांनी होणार होती. संध्याकाळी त्या आमच्या ओट्यावर आल्या.

"गुरुजी, काय लिहिलंय वो पेपरात? पाऊस हाय का?"

आम्ही चष्मा लावून वाचलं. लिहिलं होतं, 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता.'

आम्ही ऐटीत सांगितलं, "तुरळक म्हणजे कुठे तरी. आपल्याकडे नाही. राहू द्या ढीग."

त्या रात्री तासभर पाऊस झाला. हरभरा भिजला. दाणे काळे पडले, काहींना कोंब आले. मावशी आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्या पेपर वाचून घ्यायला आमच्याकडे आल्या नाहीत. त्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

वाचकहो, चूक पेपराची नव्हती. आमची होती. आम्हाला अक्षरं वाचता आली, अर्थ वाचता आला नाही. हवामानाच्या भाषेत या शब्दांना मापं आहेत. एखाद्या भागात शंभर ठिकाणी पाऊस मोजतात असं धरा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्यांतल्या एकापासून पंचवीसपर्यंत ठिकाणी पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे सव्वीस ते पन्नास. त्याच्यावर पंचाहत्तरपर्यंत म्हणजे बऱ्याच ठिकाणी. आणि त्याहून जास्त म्हणजे जवळजवळ सगळीकडे.

म्हणजे 'तुरळक' याचा अर्थ 'आपल्याकडे नाही' असा मुळीच नाही. चार गावांतल्या एका गावातही पडू शकतो, आणि ते गाव आपलं असू शकतं. ताडपत्री घरात पडून होती. ती टाकायला अर्धा तास लागला असता. पाऊस आला नसता, तर अर्धा तास फुकट गेला असता, इतकंच. आला, तर वर्षाची डाळ वाचली असती.

अंदाज वापरायची खरी युक्ती हीच आहे. पाऊस येईल की नाही एवढंच विचारू नका. तयारी केली आणि पाऊस आला नाही, तर किती जाईल? तयारी केली नाही आणि पाऊस आला, तर किती जाईल? ही दोन्ही पारडी तोला. तयारी स्वस्त आणि नुकसान भारी असेल, तर थोड्या शक्यतेवरही तयारी करावी. तयारी महाग असेल, तर पक्का अंदाज येईपर्यंत थांबावं.

खातं रंगांनीही सांगतं. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. ज्याला अजून वाचता येत नाही, त्यालाही हे रंग शिकवून ठेवा.

गारपीट विसरू नका

२०१४ सालचा फेब्रुवारी-मार्च आठवा. मराठवाड्यात आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दिवसामागून दिवस गारा पडल्या. उभी ज्वारी झोपली, गहू-हरभरा गेला, द्राक्षबागा झडल्या, जनावरं आणि पाखरं मेली. वरून थंड कोरडा वारा आणि खालून समुद्राकडचा उबदार दमट वारा एकत्र आले की ढग उंच चढतात आणि त्यात गारा बनतात. एवढ्या मोठ्या भागात अशी हवा होणार, हे एक-दोन दिवस आधी सांगता येतं. पण नेमकी कोणाच्या बांधावर गार पडेल, हे काही तास आधीच कळतं. म्हणून माघ-फाल्गुनात पीक काढणीला आलं, की ते रानात लोळवत ठेवू नये. कापलं, की बुचाड घालावं, झाकावं, होईल तितक्या लवकर मळून घ्यावं.

अंदाज कळला, आता काय करावं?

थंडीची लाट येणार असं कळलं, तर पिकाला हलकं पाणी द्यावं. ओल्या जमिनीत ऊब टिकते. लहान वासरं आणि करडं यांना उघड्यावर बांधू नये. अंगावर गोणपाट टाकावं. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना पहाटेच्या गारठ्यापासून जपावं.

एक गोष्ट अगदी ठळक लक्षात ठेवा. बंद खोलीत किंवा बंद केलेल्या कोपीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका. तिच्यातून विषारी हवा निघते. तिला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. फडावर गेलेल्या आपल्या माणसांना ही गोष्ट फोन करून सांगा.

आभाळ येणार असं कळलं, तर हरभऱ्यात आणि शाळूत फिरून अळी, मावा पाहावा. पाऊस येणार असेल, तर फवारणी पुढे ढकलावी, नाही तर औषध आणि पैसा दोन्ही धुऊन जातात.

अंदाज घ्यावा कुठून? रेडिओवरून. हवामान खात्याच्या पत्रकावरून. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी जिल्हावार हवामान-सल्ला निघतो. तो करण्यात परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचाही हात असतो. मोबाईल असेल, तर 'मेघदूत'वर शेतीचा सल्ला आणि 'दामिनी'वर विजेचा इशारा मिळतो. आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे कोणी सांगितलं? कोणत्या तारखेला सांगितलं? कोणत्या भागासाठी सांगितलं? यातलं एकाचंही उत्तर नसेल, तर तो निरोप तिथेच थांबवा. जुने इशारे नवे म्हणून गावोगाव फिरतात आणि माणसं विनाकारण घाबरतात.

शेवटी एक काम. एक वही करा. डाव्या बाजूला अंदाज लिहा, कोणी दिला ते लिहा. उजव्या बाजूला खरं काय झालं ते लिहा. खात्याचा अंदाज लिहा, पारावरच्या म्हाताऱ्याचाही लिहा. एक हिवाळा असं करा. मग कोणाचं किती धरायचं, हे तुम्हाला कोणी सांगायला नको.

त्या मावशी गेल्या वर्षी रात्रीच्या वर्गाला येऊ लागल्या. परवा त्यांनी आम्हाला ओट्यावरून हाक मारली. हातात पेपर होता. बोट ठेवून त्यांनी एक एक अक्षर वाचलं, "तु-र-ळ-क ठि-का-णी." मग मान वर करून म्हणाल्या, "गुरुजी, ताडपत्री टाकून आले बरं का."

पाऊस आला नाही. पण त्यांचा ढीग झाकलेला होता. आम्हाला त्या रात्री शांत झोप लागली.